नवी बॅटरी घेण्यापूर्वी दोष शोधा

प्रतिनिधी

सोसायटीच्या आवारात आठवडाभर उभी असलेली मोटार किल्ली फिरवताच नुसता ‘टक्’ असा आवाज करते. शेजाऱ्याच्या गाडीला जंपर केबल जोडून वेळ निभावली जाते. पण चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. अशा वेळी बहुतेक वाहनमालक बॅटरी बदलून मोकळे होतात. मात्र दोष अन्यत्र असेल, तर काही हजार रुपयांची नवी बॅटरीही लवकरच मान टाकते.

तपासणीची सुरुवात टर्मिनलपासून करावी. त्यावर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी आणि सैल क्लॅम्प यांमुळे वीजप्रवाहास अडथळा होतो. क्लॅम्प काढताना आधी ऋण टोक सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने जवळपास ठिणगी वा विडी-सिगारेट नको.

दुसरी पायरी मल्टिमीटरची. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी उतरलेली असते. इंजिन सुरू केल्यावर हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.५ दरम्यान जायला हवा. तो वाढलाच नाही, तर संशय अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंगवर घ्यावा. चार्जरवर पूर्ण भारित केलेली बॅटरी गाडीपासून अलग ठेवूनही रात्रभरात उतरली, तर मात्र तिचे आयुष्य संपले असे समजावे.

दोन्ही ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर वीज कोठेतरी ‘गळत’ असते. घड्याळ, अलार्म यांसाठी बंद गाडीतही सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह वाहणे स्वाभाविक आहे. परंतु डिकीतला न विझणारा दिवा, नंतर बसविलेली म्युझिक सिस्टीम किंवा डॅशकॅम यांमुळे तो ३०० मिलिअँपिअर झाला, तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते. गाडी कुलूपबंद करून अर्ध्या तासाने ऑटो इलेक्ट्रिशियनकडून हा प्रवाह मोजून घ्यावा. एकेक फ्यूज काढल्यावर ज्याने प्रवाह घटतो, त्या मंडलात दोष असतो.

शहरातील दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत स्टार्टरने घेतलेली वीज पुरती भरून निघत नाही. शिवाय उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि तिची क्षमता कायमची घटते. त्यामुळे आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवणे श्रेयस्कर.

बॅटरी बदलावीच लागली, तर जुनी कचऱ्यात टाकू नये. शिसे आणि आम्ल दोन्ही घातक असून, ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’नुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे.