चाळणी नव्हे, विद्युतभार

मेहरूणलगतच्या जळगाव औद्योगिक वसाहतीत डाळ मिलची भुकटी उडते आणि तिथेच पॉलिप्रॉपिलीनच्या चटयाही विणल्या जातात. एन-९५ मास्कमधला गाळणीचा थर याच प्लास्टिकच्या केसाहून बारीक तंतूंचा असतो. मास्क म्हणजे नुसती बारीक चाळणी, हा समज मात्र चुकीचा आहे. तंतूंमधल्या फटी ०.३ मायक्रॉनच्या कणांहून कितीतरी मोठ्या असतात. तरीही असे किमान ९५ टक्के कण अडतात. याचे मोठे श्रेय तंतूंवर कारखान्यातच बसवलेल्या स्थिर विद्युतभाराचे. तो कणांना ओढून धरतो. मग वीणच घट्ट का करू नये? कारण श्वास कोंडतो, आणि पोती वाहणारा हमाल मास्क हनुवटीखाली ओढतो. भार असला की थर विरळ ठेवूनही भागते.

भार टिकत नाही, हा आक्षेप खरा आहे. साबणाने धुतलेला किंवा अल्कोहोल फवारलेला एन-९५ दिसतो पूर्वीसारखाच, पण त्याची ताकद बरीच गेलेली असते. म्हणूनच २०२० मध्ये बंगळुरूच्या नॅनो व मृदू पदार्थ विज्ञान केंद्राने सुचवलेला धुता येणारा मास्क मला मोलाचा वाटतो. पॉलिप्रॉपिलीनच्या दोन थरांमध्ये नायलॉन, किंवा जुन्या रेशमी साडीचा तुकडा. थर एकमेकांवर घासले की बाहेर ऋण आणि आत धन भार येतो. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी तो नाही, हे संस्थेनेच स्पष्ट केले होते. दमट हवेत असा भार लवकर ओसरतो. पण खान्देशात धुळीचा हंगाम कोरड्या उन्हाळ्याचाच.