भर उन्हातली डार्करूम

पोलरॉइड कंपनीने १९७२ साली ‘एसएक्स-७०’ नावाचा जो घडीचा कॅमेरा विक्रीस काढला, त्याची मोहिनी पन्नास वर्षे लोटल्यावरही ओसरलेली नाही. आणि फोनवर क्षणार्धात शेकडो छायाचित्रे पाहणारी तरुण मंडळीही त्याच्या एका चित्रासाठी दहा-पंधरा मिनिटे निमूटपणे थांबतात, ह्याचे कारण केवळ जुन्या वस्तूंविषयीच्या ममतेत शोधणे मला अपुरे वाटते. ते रसायनशास्त्रात आहे.

रोलच्या जमान्यात पालघर जिल्ह्यातल्या माकुणसार गावच्या लग्नाचे फोटो पाहावयाचे, तर आधी रोल संपण्याची आणि मग तो धुऊन येण्याची वाट पाहणे प्राप्त असे. आपला फोटो आत्ताच का दिसत नाही, ही पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड ह्यांच्या चिमुरड्या कन्येने १९४३ साली केलेली पृच्छा नेमकी ह्याच खोळंब्याविषयी होती. लँड ह्यांनी १९४७ साली झटपट छायाचित्राचा जाहीर प्रयोग करून दाखविला. परंतु तेव्हा चित्रावरचा कागद सोलून काढावा लागे. ‘एसएक्स-७०’ने तीही यातायात संपविली.

चित्राखालची रुंद पांढरी पट्टी मजकूर लिहिण्यासाठी ठेवली आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तिच्या पोटात अल्कधर्मी रसायनाची पुडी दडलेली असते. चित्र दोन रुळांमधून बाहेर पडताना ती फुटते आणि रसायन अतिशय पातळ थराने सर्वत्र पसरते. जेथे प्रकाश पडला असेल तेथे रंगद्रव्य चांदीच्या क्षारांपाशी अडकून राहते, जेथे पडला नसेल तेथून सुटून पृष्ठभागाकडे येते. पिवळा, किरमिजी आणि आकाशी ह्या तिन्ही रंगांना हाच न्याय लागू. आणि हे सारे भर उन्हात! कारण रसायनातच मिसळलेले एक गर्द द्रव्य अल्कता टिकेपर्यंत पडद्यासारखा उजेड अडविते, आणि आतील आम्लाने अल्कता शमविली की स्वतः वर्णहीन होते; मागे टायटॅनियम डायऑक्साइडच्या शुभ्र पार्श्वभूमीवर चित्र तेवढे उरते. डार्करूमची इतक्या थोड्या जागेत केलेली ही तजवीज मला अद्भुत वाटते.

रसायन म्हटले की हवामान आलेच. आजची फिल्म सुमारे १३ ते २८ अंश सेल्सिअसमध्ये वापरावी, अशी उत्पादकांची सूचना आहे. माकुणसारची मे महिन्यातली दुपार ही मर्यादा सहज ओलांडते, आणि मग तिथल्या माडांच्या वाडीतील हिरव्या झावळ्यांवरही तांबूस-पिवळी झाक चढते. पौषातल्या सकाळी तीच वाडी स्वच्छ रंगांत उतरते. चित्र हलवून वाळविण्याची सवय मात्र सोडावी. ओला थर आत बंदिस्त असल्याने त्यातून काहीच साधत नाही, ते सावलीत पालथे ठेवणेच इष्ट. शिवाय ह्या चित्राला निगेटिव्ह नाही. वाडीतला प्रकाश ज्या कागदावर पडला तोच अस्सल कागद त्या दिवसाच्या हवेसकट हाती राहतो.

पोलरॉइडने २००८ साली झटपट छायाचित्रांची फिल्म बंद केली, तेव्हा नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्याची यंत्रे जुन्या कामगारांसह काही मंडळींनी वाचविली, आणि जुनी रसायने मिळेनाशी झाल्यामुळे सूत्र नव्याने जुळवून २०१० साली नवी फिल्म बाजारात आणली. ह्या कॅमेऱ्याची बॅटरी फिल्मच्या पेटीतच असते. त्यामुळे अडगळीतून काढलेला कॅमेराही, यंत्र धड असेल तर, नवी पेटी घालताच चालू होतो. पेटीत पूर्वी १० चित्रे येत, आता ८ येतात.