श्रावणातला तिसरा दिवस

आषाढी अमावास्येला घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात. पंचांगात ती दीपपूजनाची अमावास्या, बोलण्यात मात्र गटारी. मटणाच्या दुकानापुढे सकाळपासून रांग, रात्री नाक्यावर गाड्या अडवणारे पोलीस, आणि ‘उद्यापासून महिनाभर आपलं बंद हं’ असं मित्रांनी एकमेकांना बजावणं. या रात्रीवरचे विनोद दरवर्षी तेच असतात, त्यांत भर घालत नाही. मला बोलायचंय ते श्रावणाच्या तिसऱ्या दिवसाबद्दल.

शेवटचा पेला अमावास्येच्या मध्यरात्री खाली ठेवला असेल, तर तिसरा दिवस लागताना ४८ तास होऊन गेलेले असतात. सणासुदीला पिणाऱ्याला त्याचं काही नाही. तो साबुदाण्याची खिचडी खाऊन कामाला जाईल. पण वर्षानुवर्षं रोज पिणारा, सकाळी हात स्थिर व्हावेत म्हणून उठल्या उठल्या दोन घोट घेणारा माणूस असेल, तर पुढचे दोन दिवस त्याच्या जिवावर बेतू शकतात, तेही दारू सोडल्यामुळे. तंबाखू सोडणारा चिडतो, हैराण होतो, घर डोक्यावर घेतो, पण त्यामुळे दगावत नाही. दारूचं तसं नाही. आणि नवऱ्याने किंवा मुलाने दारू सोडावी म्हणून नवस बोलणाऱ्या घरांनाही हे कुणी सांगितलेलं नसतं.

असं का होतं? मेंदूतल्या पेशींना ‘जरा दमानं’ म्हणणारं एक रसायन आहे, गाबा. ‘ऊठ, चल’ म्हणणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते आणि दुसऱ्याचा आवाज दाबते, म्हणून दोन पेगांत माणूस सैलावतो आणि पाचव्याला जीभ जड होते. हे रोज घडू लागलं की मेंदू आपल्या परीने तोल सावरतो. गाबाला दाद देणारी यंत्रणा तो मंद करतो, ग्लुटामेटला दाद देणारी वाढवतो. एक दार दोघांनी दोन बाजूंनी रेटून धरावं तसा हा तोल. बाहेरून दारू रेटते, आतून मेंदू, आणि दार जागचं हलत नाही. पट्टीचा पिणारा अर्धी बाटली रिचवूनही सरळ चालतो तो यामुळेच. बाहेरचा गडी एकाएकी बाजूला झाला की आतला दारासकट तोंडावर आपटतो. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं, म्हणजे दारू काही तासांत शरीराबाहेर जाते. मेंदूला मात्र आपला रेटा आवरायला दिवस लागतात. मधला हा काळच धोक्याचा.

सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप उडालेली. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, जन्मात कधी फिट न आलेल्यालाही. कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात. बहुतेकांचं एवढ्यावर निभावतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस ठिकाणावर येतो. थोड्यांचं मात्र ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान वेगळंच वळण घेतं. दिवस की रात्र, घर की दवाखाना, याचं भान जातं. अंगावर किडे चढताना दिसतात, ताप आणि रक्तदाब वाढतो, घामाने चादर भिजते. इंग्रज डॉक्टर थॉमस सटन यांनी १८१३ साली याला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ असं नाव दिलं, आजचे डॉक्टर ‘डीटी’ म्हणतात. उपचार नव्हते तेव्हाच्या नोंदींत अशा रुग्णांतले एक तृतीयांशापर्यंत दगावल्याचं दिसतं. आज वेळेत उपचार मिळाले तर हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आहे.

गंमत अशी, की हे सगळं दारू थांबल्याने होतं यावर डॉक्टरांचंही बराच काळ एकमत नव्हतं. दारुड्याची उपासमार झालेली असते, त्यातून हे होत असावं, असाही तर्क होता. १९५५ साली हॅरिस इसबेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केंटकीमधल्या लेक्सिंग्टनला त्याचा निकाल लावला. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या दहा जणांना त्यांनी चांगलं जेवण आणि जीवनसत्त्वं देऊन आठवडेच्या आठवडे दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. सात ते आठ आठवडे किंवा त्याहून जास्त प्यायलेल्यांचे हाल झाले, काहींना फिट आल्या, काही भ्रमात गेले. ज्यांनी प्रयोग लवकर सोडला ते थोडक्यात सुटले. असा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही, करूही नये. पण ‘किती आणि किती दिवस’ यावर सोडतानाचा त्रास ठरतो, हे त्यातून पक्कं झालं.

मग ‘किती’चा हिशेब आधी करू. अल्कोहोलचं एक माप १० ग्रॅमचं धरलं, तर ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे एक माप, क्वार्टर म्हणजे सहा मापं. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे चार मापं, म्हणून ‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या सूचनेनुसार रोज सुमारे १२० ग्रॅमच्या पुढे, म्हणजे दोन क्वार्टरांच्या पुढे जाणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडण्याचा विचार व्हावा. हा आकडा लक्ष्मणरेषेसारखा घेऊ नये. लहान चणीच्या, यकृत थकलेल्या माणसाला निम्म्यातही त्रास होतो.

आकड्यापेक्षा मला पिण्याची तऱ्हा जास्त बोलकी वाटते. शनिवारी मित्रांबरोबर मनसोक्त पिणाऱ्याचं रविवारी डोकं ठणकतं, त्याला हँगओव्हर म्हणतात. तो संध्याकाळपर्यंत उतरतो. अशा माणसाला दारू सोडताना सहसा औषध लागत नाही (त्याचे धोके निराळे, उदाहरणार्थ परतीचा रस्ता). रोज जेवणाआधी एक-दोन पेग घेणाऱ्याला सोडल्यावर काही रात्री धड झोप लागत नाही, चिडचिड होते. एवढंच असेल तर बहुतेक जण स्वतःहून सोडू शकतात. खरी खूण म्हणजे उतारा. सकाळी हात थरथरतात आणि एक घोट पोटात गेला की थांबतात, असं होत असेल तर मेंदू दाराला टेकून उभा आहे. अशा माणसाने आजपासून बंद म्हणून बाटली मोरीत ओतणं सिनेमात शोभतं. प्रत्यक्षात आधी डॉक्टर गाठावा.

आणि एक चौथा असतो, पाळीने पिणारा. पंधरा दिवस सलग पितो, मग महिनाभर हात लावत नाही. किंवा वर्षभर पितो आणि श्रावण कडक पाळतो. ‘मनात आणलं की सोडतो, मग मी व्यसनी कसा?’ हा त्याचा युक्तिवाद, आणि घरच्यांनाही तो पटलेला असतो. इथेच गोम आहे. १९७८ साली बॅलेंजर आणि पोस्ट या अमेरिकन संशोधकांनी असं मांडलं की दर वेळी एकदम सोडताना मेंदू थोडा अधिक भडकायला शिकतो. आधी पेटलेलं लाकूड पुन्हा चटकन पेटावं तसं. ज्यांनी पूर्वी अनेकदा अशी सोडधर केलेली असते त्यांच्यात फिट येण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे नंतरही आढळलं. म्हणजे पहिल्या श्रावणात नुसती थरथर झाली, म्हणून दहाव्या श्रावणातही तेवढंच होईल असं नाही. पूर्वी सोडताना एकदाही फिट किंवा भ्रम झाला असेल, तर घरी प्रयोग करूच नये.

सगळ्या महाराष्ट्राने, किंबहुना देशाने, एक श्रावण अचानक पाळला तो मार्च २०२० मध्ये. टाळेबंदीत दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली. बंगळूरच्या रुग्णालयांत दारू तुटल्याने गंभीर झालेले रुग्ण साधारण दुपटीने येऊ लागले. केरळ सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दारू हे दारू तुटल्यावरचं औषध नव्हे, हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबरच होतं. पण औषध गावागावात पोचलेलं नसताना माणूस हाताला येईल ते पितो. एप्रिल २०२१ मध्ये दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर प्यायल्याने सात जण गेले.

तिसऱ्या दिवसाची सगळ्यात फसवी गाठ अस्थिरोग वॉर्डात पडते. दुचाकीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं असतं. भरती करताना ‘दारू घेता का?’ असा प्रश्न येतो आणि बायको, भाऊ, सासरे सगळे समोर उभे असल्यामुळे ‘अधूनमधून’ असं उत्तर जातं. ऑपरेशन नीट होतं. तिसऱ्या रात्री पेशंट सलाईनची नळी उपटतो, भिंतीवरच्या मुंग्या झाडू लागतो, मेलेल्या काकांशी बोलतो. कुणी भुलीचं इंजेक्शन चढलं म्हणतं, कुणी डोक्याला मार लागला असेल म्हणतं, आणि एखादी आत्या हळूच लिंबू उतरवून टाकायला सांगते. खरं उत्तर भरतीच्या कागदावरच्या त्या ‘अधूनमधून’मध्ये दडलेलं असतं.

उपचार अवघड नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ही औषधं गाबाला हात देतात, म्हणजे बाजूला झालेल्या गड्याच्या जागी दुसरा उभा करतात, आणि त्यालाही काही दिवसांत हळूहळू मागे घेतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. १९६९ साली अमेरिकेत ५३७ माजी सैनिकांवर निरनिराळी औषधं ताडून पाहिली गेली, त्यात क्लोरडायझेपॉक्साइड घेतलेल्यांत फिट आणि भ्रम कमी दिसले. क्लोरप्रोमाझिनसारखं नुसतं शांत करणारं औषध मिळालेल्यांत फिट उलट वाढल्या. म्हणून ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून ‘झोपेची काहीतरी’ आणून देऊ नये. डायझेपाम स्वतःच्या अंदाजाने दारूबरोबर घेतली तर श्वास थांबू शकतो.

दुसरी गोष्ट स्वस्त आणि तरी हमखास विसरली जाणारी. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. वर्षानुवर्षं जेवणाऐवजी चखण्यावर जगलेल्या माणसात ते आटलेलं असतं. अशाला अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली चढवली जाते, आणि ती साखर वापरताना उरलंसुरलं थायमिनही संपतं. मग डोळ्यांची बुबुळं नीट हलत नाहीत, चाल फेंगडते, मन गोंधळतं. १८८१ साली कार्ल वेर्निके यांनी वर्णन केलेला हा आजार बघणाऱ्याला ‘अजून प्यायलेलाच आहे’ असा वाटतो. वेळेत थायमिनचं इंजेक्शन मिळालं नाही तर नवं काही लक्षात राहण्याची क्षमता कायमची जाऊ शकते.

‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींबद्दल मला खरोखर राग आहे. डायसल्फिराम हे औषध १९४८ साली कोपनहेगनमध्ये पुढे आलं. त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल, उलट्या, रक्तदाब धाडकन खाली. माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून दिलं तर ते उपयोगी पडतं. आमटीत मिसळून दिलं आणि तो नेहमीसारखा बारमध्ये गेला, तर तिथेच कोसळू शकतो. पुड्यांत आणखी काय असतं ते देव जाणे.

उतारा लागणाऱ्या किंवा रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने डॉक्टर मिळेपर्यंत एकदम बंद करू नये. माप ठरवून तेवढंच घ्यावं, दर काही दिवसांनी थोडं उतरवावं, थरथर वाढली तर त्याच मापावर थांबावं. पण फिट आली, भास होऊ लागले किंवा माणूस बरळू लागला, तर मापाचा विषय संपला. १०८ ला फोन करावा. फिट आलेल्याला कुशीवर वळवावं. तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. व्यसनमुक्तीसाठीचा केंद्र सरकारचा १४४४६ हा क्रमांक फुकट आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथे गेलेले सांगतील की दारूवाचून शरीर सावरायला आठवडा लागतो आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं.

तुमच्या घरी यंदा कुणी श्रावण पाळणार असेल, तर बाकी काही केलं नाही तरी चालेल, एक करा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या ज्या चौकटीत दुधाचा खाडा मांडता, तिथेच शेवटचा पेला किती वाजता आणि रोजचं माप किती, हे लिहून ठेवा. रात्री-अपरात्री दवाखान्यात जावं लागलं तर डॉक्टर पहिलं तेच विचारतील.