आलेख-कागदावर जनुकांची विविधता

माणसामाणसांतील फरक नाकाडोळ्यांवरून दिसतो. जनुकांतील फरक मात्र बहुधा दिसत नाही. १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. हाच ‘बॉम्बे रक्तगट’. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ असल्यासारखा वाटतो. परंतु ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवर असणारे ‘एच’ प्रतिजन या व्यक्तींच्या पेशींवर नसते. उलट त्यांच्या रक्तद्रवात एच-विरोधी प्रतिद्रव्ये असतात. अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त दिल्यास ते जिवावर बेतू शकते.

हा गट होण्यासाठी एच जनुकाचे निकामी रूप आई व वडील दोघांकडूनही यावे लागते. एकाकडूनच आले, तर ती व्यक्ती नुसती वाहक ठरते. साध्या तपासणीत ती ओळखू येत नाही. हे वाहक डोळ्यांसमोर आणण्याची एक सोपी रीत आहे.

चौकटींची भाषा

आलेख-कागदावर प्रत्येक व्यक्तीला एक आडवी ओळ द्यावी व डीएनएवरील प्रत्येक बदलत्या जागेला एक उभा स्तंभ. दोन्ही प्रती नेहमीच्या असतील तर चौकट कोरी ठेवावी. एक प्रत विरळ रूपाची असेल तर चौकट अर्धी भरावी, दोन्ही विरळ असतील तर पूर्ण. माहिती नसेल तेथे फुली मारावी; ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ यांत गल्लत होऊ देऊ नये.

वर्गात ३६ विद्यार्थी असतील तर प्रत्येकाने दोन फासे टाकावेत. एक फासा आईकडची प्रत, दुसरा वडिलांकडची; ६ पडले की विरळ रूप. सरासरीने १ चौकट पूर्ण भरलेली, १० अर्ध्या आणि २५ कोऱ्या येतील. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतील. त्याचीही चर्चा व्हावी.

आता विरळ रूपाचे प्रमाण १०० त १ धरा. विवाह यदृच्छेने होतात असे मानल्यास १०,००० ओळींत पूर्ण भरलेली चौकट १ येते, आणि अर्ध्या भरलेल्या १९८! एका रुग्णामागे जवळजवळ दोनशे वाहक असतात, हे चित्र पाहताच पटते.

ओळींचा क्रम बदलला की

असे सहा स्तंभ भरले, तर फाशांच्या तक्त्यात स्तंभांचा एकमेकांशी संबंध दिसणार नाही. खऱ्या डीएनएत मात्र जवळजवळच्या जागा सहसा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. म्हणून शेजारचे स्तंभ सारखे दिसतात. सारख्या ओळी एकत्र आणल्या तर गटही दिसू लागतात. पण क्रम आपणच लावलेला असतो, हे विसरू नये.

जागा लाखांवर गेल्या की तक्ता पुरत नाही. मग ज्या दिशेने सर्वांत अधिक फरक पडतो ती दिशा गणिताने शोधून तिचा अक्ष करतात आणि प्रत्येक व्यक्तीसाठी एक ठिपका देतात. २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील लालजी सिंग व के. थंगराज यांचा सहभाग होता. त्यात भारतातील २५ समूहांच्या १३२ व्यक्तींमधील ५ लाख ६० हजारांहून अधिक जागा तपासल्या होत्या. बहुसंख्य भारतीय समूहांचे ठिपके एका तिरप्या पट्ट्यात पसरले. दोन प्राचीन पूर्वजगटांचे मिश्रण, कोठे कमी, कोठे अधिक, असा त्याचा अर्थ लावला गेला. ‘शुद्ध रक्त’ या कल्पनेला त्या चित्रात जागा नव्हती. मात्र पिढ्यान् पिढ्या आपल्याच समूहात विवाह झाल्याने काही विरळ रूपे त्या त्या समूहात साठतात, हेही त्या अभ्यासातून पुढे आले. पूर्ण भरलेल्या चौकटी तेथे वाढू शकतात.

आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता देणाऱ्या राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात हा धडा शिकवताना एक पथ्य पाळावे. विद्यार्थ्यांच्या खऱ्या रक्तगटांची जातवार मांडणी कधीही करू नये. फाशांचे आकडे पुरेसे आहेत. तक्ता पूर्ण झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे: अर्ध्या भरलेल्या चौकटीचा माणूस रस्त्यात भेटला, तर तुम्ही त्याला ओळखाल का?