वायसर गेला की

सकाळी ८. पंचायत समितीच्या आवारात हातपंप दुरुस्ती पथकाचा टेम्पो भरला जातोय. साखळ्या, बेअरिंग, पाने, पाईप धरायचे क्लॅम्प. वायसर मात्र मेस्त्री स्वतः मोजून घेतो.

९.३०. वस्तीवरचा हापसा. "ताई, पाणी येतंच नाही का?"
"येतं, पण करंगळीएवढी धार. दांडा मारून खांदे गेले, दादा."
मेस्त्रीला एवढं पुरतं. वायसर गेलाय.

१०. झाकण उघडून साखळी सोडवली, डोकं आणि टाकी उतरवली. आता ३-३ मीटरचे पाईप एकेक करून वर. क्लॅम्प निसटला तर खालची सगळी माळ बोअरात, म्हणून या वेळी गप्पा बंद. शेवटी सिलिंडर येतो. आतल्या वायसरच्या वाटीचा काठ झिजून कागद झालाय.

१२.३०. लिंबाखाली भाकरी. जोत्यावर बसवलेल्या या तिपाई यंत्राचं नाव इंडिया मार्क टू, आणि त्यामागे युनिसेफ आहे, हे वस्तीवर कुणाच्या गावी नाही. महायुद्धात होरपळलेल्या मुलांसाठी १९४६ साली निघालेली ही संस्था १९६७ च्या दुष्काळात कातळ फोडणारी बोअरची यंत्रं घेऊन भारतात आली. पाणी लागलं, पण वर बसवलेले बिडाचे पंप एका घरापुरते. अख्खं गाव हापसायला लागल्यावर ते मोडत गेले. तोड निघाली ती आपल्याकडेच, पोलादी आणि साखळीच्या सोलापूर पंपात. त्याच्यावरून सत्तरच्या दशकात मार्क टू घडला. पेटंट कुणी घेतलं नाही, त्यामुळे तो आफ्रिकेतही पोचला. युनिसेफला १९६५ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा याचा पत्ताही नव्हता! मला विचाराल तर जुलाबाने जाणारी पोरं वाचवायची तर पाण्यापासूनच सुरुवात हवी, आणि संस्थेचं सगळ्यात मोलाचं काम हेच.

२. नवा वायसर घालून पाईप परत खाली. उतरवताना घाई चालते, असं मेस्त्री म्हणतो. करत मात्र नाही.

३.१५. बोअरात ब्लीचिंग पावडर. गढूळ पाणी निघेपर्यंत पोरं दांड्याला लोंबकळतात, त्यांना हाकलायचं कामही पथकाचंच.

४.३०. पुढच्या गावी नुसतं ग्रीस. इथे नळ आलाय. "लाईट असली तर येतो," एक आजी म्हणतात आणि हंडा पुढे सरकवतात.

६. ग्रामसेवकाची सही घेतली. उद्याच्या तक्रारी चार, वायसर दोनच शिल्लक.