उन्हाळ्यातला ‘उ’ लघू की गुरू?

शाळेत वृत्त ओळखायचं म्हणजे ओळीवर पेन्सिलीने अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढत बसायचं. जोडाक्षर दिसलं, की त्याआधीचं अक्षर बेलाशक गुरू. मग गण जुळेना, की दोष कवीचा!

ही ओळ घ्या, इथल्यापुरतीच जुळवलेली: ‘दुपारी घराच्या कडेला उन्हाळा’. अक्षरं १२. लघू-गुरू-गुरू हा ‘य’ गण ४ वेळा, म्हणजे भुजंगप्रयात. रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. आता ‘न्हा’ जोडाक्षर म्हणून ‘उ’ गुरू धरा. शेवटचा गण मोडला. पण ओळ मोठ्याने म्हणून बघा. ‘पुस्तक’ म्हणताना ‘पु’वर जसा आघात येतो, तसा या ‘उ’वर येतच नाही. म्हणून तो लघूच. ‘तुम्ही’, ‘तुझ्या’ यांतल्या ‘तु’चंही तेच. पाहायचा असतो तो आघात. जोडाक्षर असलं म्हणजे तो येतोच असं नाही.

यमक जुळलं म्हणजे वृत्त जमलं, हाही असाच एक समज. कालिदासाच्या ‘मेघदूता’त अंत्ययमकाचं बंधन नाही, तरी त्याची मंदाक्रांता ४, ६, ७ अक्षरांवर विसावत चोख चालते.

अभंगात गण शोधणारेही भेटतात. माधवराव पटवर्धनांनी (म्हणजे कवी माधव जूलियन यांनी) ‘छंदोरचने’त हा घोळ कधीच निस्तरून ठेवलाय: लघुगुरूंचा क्रम ठरलेला ते वृत्त, मात्रांवर चालते ती जाती, नुसती अक्षरं मोजायची तो छंद. मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६, ४ अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. तिथे ‘दि’ काय नि ‘दी’ काय, हिशोबात एकच अक्षर. ज्ञानेश्वरीतली ओवी तर अक्षरसंख्येलाही बांधलेली नाही. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा.

राहिलं पालुपद. ती म्हणे नुसती भरती! गाथेच्या छापील प्रतीत ध्रुवपदाला जागा एका ओळीची, पुढे ॥ध्रु.॥ एवढीच खूण. कीर्तनात मात्र टाळकरी तोच चरण पुन्हा पुन्हा उचलून धरतात, आणि मधल्या कडव्यात जे म्हटलं गेलं त्याप्रमाणे तो दर वेळी थोडा वेगळा ऐकू येतो. वाचताना नजर त्या खुणेवरून घसरते. म्हणताना दर कडव्यानंतर तिथेच परतावं लागतं.