दूरशिक्षण : अंतर कोणी कापायचे?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. घर सांगली जिल्ह्यात, विट्याच्या बाजूला, कॉलेज साताऱ्यात. त्यामुळे माझ्या शिक्षणाचा विषय निघाला, की एस.टी.चे तिकीट, खोलीचे भाडे आणि मेसचा डबा हे तीन विषय त्याच्या मागोमाग येतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीतही तसेच झाले. जेवणे आटोपल्यावर थोरले चुलते बाबांना म्हणाले, "बी.ए. होऊ दे, मग बास. पुढचं घरबसल्या होतंय की आता. सूनबाई करतीयाच न्हवं?"

सगळ्यांना ते पटले. पटण्यासारखेच होते. खोलीभाडे वाचणार, मुलगी घरात राहणार आणि नावापुढे एम.ए.ही लागणार! फक्त वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या भांडी आवरत होत्या. भांडी झाली, की त्यांचा एम.ए.चा अभ्यास सुरू व्हायचा होता.

'घरबसल्या' या शब्दाचा अर्थ मी त्या सुट्टीत वहिनींजवळ बसून समजून घेतला. आपल्यापैकी अनेकांपुढे दोन वर्षांत हाच प्रश्न उभा राहणार आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे शिक्षण आले कोठून ते पाहू. आपल्या देशात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याकडे १९८२ साली हैदराबादला, १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी यांच्या नावाने आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाने मुक्त विद्यापीठे उभी राहिली. यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्र्याचा. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. त्याही विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र आहे. म्हणजे आपल्या भागातील मुलामुलींना ही वाट परकी नाही.

परंतु कामधंदा सोडता येत नाही त्याने शिकावे कसे, हा प्रश्न साताऱ्याला त्याहून जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली. त्यांचे उत्तर होते वसतिगृह आणि 'कमवा व शिका'. मुलाला खेड्यातून उचलायचे, सर्व जातींच्या मुलांबरोबर एका पंगतीला बसवायचे आणि त्याच्या कष्टांतूनच त्याचे शिक्षण काढायचे. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले तेही याच तत्त्वावर. कर्मवीरांनी विद्यार्थी शाळेपाशी नेला. मुक्त विद्यापीठाने शाळा विद्यार्थ्यापाशी नेली. प्रश्न एकच, उत्तरे दोन. दोन्हींत काय मिळते आणि काय सुटते, ते पाहिल्याशिवाय निवड करू नये असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष कामकाज कसे चालते ते सांगते. प्रवेश घेतला, की विद्यार्थ्याला एक अभ्यासकेंद्र मिळते. बहुधा ते तालुक्याच्या एखाद्या कॉलेजातच असते. तेथून, किंवा आता मोबाईलवरून, स्वयं-अध्ययनाची पुस्तके मिळतात. ही पुस्तके शिक्षक समोर नाही असे धरून लिहिलेली असतात. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि शेवटी सारांश. सुट्टीच्या दिवशी काही संपर्कसत्रे होतात, स्वाध्याय लिहून द्यावे लागतात आणि शेवटी परीक्षा असतेच.

यात वेळ किती जातो? इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या हिशेबाने १ श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. दोन वर्षांच्या एम.ए.ला ८० श्रेयांक धरले, तर २४०० तास होतात. म्हणजे एकही दिवस न चुकता रोज सव्वातीन तास! मी हा हिशेब वहीवर मांडून दाखवला तेव्हा वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणूनच मला दोन वर्षांत जमत नाही." त्या विद्यापीठात असा अभ्यासक्रम पुरा करायला चार वर्षांपर्यंत मुदत मिळते. चार वर्षांवर पसरले, तरी रोजचा दीड तासाहून अधिक वेळ लागतोच. तात्पर्य, दूरशिक्षणाने प्रवास वाचतो. अभ्यास वाचत नाही. तो दिवसातून उचलून रात्रीवर टाकला जातो, एवढेच.

वहिनी एका पतसंस्थेत लिपिक आहेत. सकाळचा स्वयंपाक, दहा ते साडेपाच पतसंस्था, संध्याकाळचा स्वयंपाक आणि रात्री साडेनऊनंतर अर्थशास्त्र. सुरुवातीला त्या स्वयंपाकघरातच पाटावर वही ठेवून लिहीत. दादाने नंतर धान्याच्या खोलीत एक टेबल लावून दिले. एका सत्राची पुस्तके परीक्षा महिन्यावर आली तेव्हा हाती पडली. कोणत्या केंद्राची, ते लिहीत नाही. पण तेव्हा त्यांनी दुसऱ्या तालुक्यातील एका विद्यार्थिनीकडून पाने मागवून घेतली आणि पेपर दिले. शंका विचारायला जवळ कोणी नाही, सोबतीने वाचायला कोणी नाही. एखादे दिवशी पुस्तक उघडलेच नाही, तर विचारणारेही कोणी नाही. त्या म्हणतात, हे शेवटचेच सर्वांत अवघड.

मग मिळाले काय? व्यवसायाच्या बाजूने पाहिले तर पगार अजून वाढलेला नाही. परंतु पूर्वी त्या ताळेबंदाचे आकडे नुसते उतरवून काढीत. आता थकबाकी का वाढली, ठेवी कोठून आल्या, हे त्या आकड्यांत वाचतात. गेल्या वर्षी संस्थेच्या वार्षिक अहवालाचा मसुदा त्यांच्याकडे आला. पुढे प्राध्यापक व्हायचे झाले, तर नेट परीक्षेला हीच पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. आणि स्वतःच्या वाढीचे म्हणाल, तर एकच गोष्ट सांगते. लग्न होऊन आल्या तेव्हा कशाहीबद्दल विचारले, तरी "ह्यांना विचारून सांगते" असे त्यांचे उत्तर असे. हल्ली त्या "मला असं वाटतं" असे म्हणून सुरुवात करतात. कोणत्याही गुणपत्रिकेत हे छापून येत नाही, पण आमच्या घरात ते सर्वांना ऐकू येते.

या पदवीला किंमत किती, असे पुष्कळजण विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. त्याच वर्षी एका वेळी दोन अभ्यासक्रम करण्याचीही मुभा मिळाली. मात्र मान्यता संस्थेप्रमाणेच त्या अभ्यासक्रमालाही लागते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत आपल्या वर्षाचा आपला अभ्यासक्रम आहे की नाही, हे स्वतः पाहावे. एजंटाच्या तोंडावर विसंबू नये. वैद्यकीय, अभियांत्रिकी, परिचर्या, कायदा यांसारख्या पदव्या दूरशिक्षणाने देता येत नाहीत. तशी जाहिरात दिसली, तर तेथूनच परतावे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी वहिनींना विचारले, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "मला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून मी घरात वाट काढली. तुला बाहेरची वाट आहे. ती बंद करायला माझं नाव कुणी सांगत असेल, तर मला ते आवडणार नाही."

त्या रात्री मला उमगले, की तेच दार दोघींसाठी दोन तऱ्हेने उघडते. नोकरी, संसार, म्हातारे आईवडील किंवा शेती यांमुळे ज्याला हलता येत नाही, त्याला दूरशिक्षणासारखा आधार नाही. पण ज्याला हलता येते, त्याला घरात बसवण्यासाठी जर त्याच शिक्षणाचे नाव पुढे केले जात असेल, तर तो त्या शिक्षणाचा उपयोग नव्हे. ग्रंथालयात चुकून हाती लागलेले पुस्तक, तासानंतर जिन्यात सरांना विचारलेली शंका, वेगळ्या गावच्या, वेगळ्या जातीच्या मैत्रिणीच्या डब्यातली भाकरी, हेही शिक्षणच आहे. कर्मवीरांनी वसतिगृह काढले ते याचसाठी. हे टपालाने येत नाही, मोबाईलवरही येत नाही.

म्हणून मी बाबांना सांगितले आहे, की बी.ए.नंतर कोल्हापूरला विद्यापीठात एम.ए.साठी अर्ज करणार. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. चुलत्यांना मी २४०० तासांचा हिशेब दाखवला. ते म्हणाले, "एवढा अभ्यास सूनबाई करती?" आणि बराच वेळ वही हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी रात्रीची भांडी काकूंनी घासली. एवढा एक बदल मात्र तात्काळ झाला.

उद्या घरची परिस्थिती बदलली आणि मलाही दूरशिक्षणानेच शिकावे लागले, तर मी शिकेन, आणि त्यात मला कमीपणा वाटणार नाही. फक्त 'घरबसल्या' हा शब्द मी वापरणार नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या गावांत वहिनींसारखे शिकणारे किती तरी आहेत. त्यांना हवे आहे एक टेबल आणि शांततेचे दोन तास. रविवारी आपली अभ्यासिका बंद असते. ती त्या एका दिवशी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवता आली, तर किल्ली सांभाळायला आणि नोंदवही लिहायला आम्ही काही विद्यार्थिनी तयार आहोत. प्राचार्यांनी व गुरुजनांनी याचा विचार करावा. अंतर कापायचे आहे ते विद्यार्थ्याला खरे. पण चार पावले आपण पुढे जायला काय हरकत आहे?